तांबडीचा नवा सायलेन्सर

३ मार्च

ज्या ज्या मुलीला गाडीजवळ नुसतं पाने हातात द्यायला उभं केलं आणि बोल्ट मात्र कधी आवळू दिला नाही, त्या सगळ्यांना, आणि त्यांच्यातल्या माझ्या एकुलत्या एका भाचीला अनेक आशीर्वाद.

भिंगरे, तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. एकदा आत्या म्हणून, एकदा वेल्डर म्हणून आणि एकदा संतापून. तांबडी तपासणीत नापास झाली याचं मला नवल नाही. पन्नाशी उलटलेली गाडी, वीस वर्षांपूर्वीचा सायलेन्सर, त्यावर तुझ्या बाबाने मारलेली ठिगळं. मधला डबा गंजून चाळण झाला असणार. माझा संताप आहे तो तुझ्या बाबाच्या 'विकून टाकू' या दोन शब्दांवर.

ती गाडी आम्ही दोघा भावंडांनी भंगाराच्या आवारातून दोरीने ओढत आणली होती. आमच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, तू दिवा धर आणि पाने दे. तेव्हा दादानेच माझा पाय धरून मला गाडीखाली ओढलं आणि म्हणाला, "दिवा मी धरतो." त्या दिवसापासून मी जी झाले ती झाले. बस डेपोच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलं, कामगारांच्या सभा गाजवल्या, साहेबलोकांची झोप उडवली, त्याचं मूळ त्या एका ओढण्यात आहे. पुढे घाटाच्या शर्यतीत त्याने तांबडी चालवली आणि मी शेजारी बसून वळणं सांगितली. दुसरे आलो. पहिला कोण आला ते आज कुणालाही आठवत नाही.

आणि त्याच दादाने स्वतःच्या लेकीला मात्र इतकी वर्षं दिवा धरायला लावलं. हे मी त्याला माफ केलेलं नाही.

दोन महिन्यांची मुदत आहे म्हणतेस. तेवढ्यात आवाज आणि धूर दोन्ही मापात आले नाहीत तर नोंदणी रद्द, आणि तांबडी कायमची रस्त्यावरून खाली. म्हणजे वेळ भरपूर आहे. मूळ कंपनी आता तो माल बनवत नाही. पण जुन्या शर्यतीच्या गाड्यांसाठी पाइपापासून शेवटच्या डब्यापर्यंत अख्खा संच बनवणारे छोटे कारखाने आहेत. तसा मागव. आणि गाडीखाली तू जा. दादाला दिवा धरू दे.

फोन करू नकोस. फोनवर माणूस घाईत खोटं बोलतो, कागदावर निदान विचार करून बोलतो.

तुझी,
आत्या


११ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र आहे, सभा नाही, हे तुला कुणीतरी सांगायला हवं. तरी तुझं पत्र मी बाबांसमोर मोठ्याने वाचलं. दिवा धरण्याचा भाग आला तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "बरी आहे ना ती?" एवढंच.

पण विकायचं खूळ मी त्यांच्या डोक्यातून काढलं. चार दिवस हात धुऊन मागे लागले, तेव्हा शनिवारी आम्ही सायलेन्सरवाल्याच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे तीन प्रकारचे संच आहेत. एक शांत, दोन डब्यांचा. एक मधला. आणि एक आरपार, म्हणजे आत आडपडदा काहीच नाही, इंजिनाच्या मनात येईल ते थेट शेपटाकडून बाहेर. त्याने आवारातल्या तीन गाड्या एकामागून एक चालू करून तिन्ही ऐकवले. तिसऱ्याला शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली.

बाबा म्हणाले, "हा."

मी म्हटलं, "बाबा, याने तपासणीवाला मीटर फेकून पळून जाईल."

"हाच घ्यायचा."

"अहो, दुकानदार स्वतः सांगतोय, शांत घ्या. शांतवाला शंभर टक्के पास होतो."

"हो हो," म्हणाले आणि आरपारचीच मागणी नोंदवून मोकळे झाले. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला मिसरूड फुटावं तसं झालंय त्यांचं. दुकानदार मला हळूच म्हणाला, "ताई, वडिलांना समजावा. या वयात लोक गुडघ्याचा पट्टा घेतात."

आत्या, खरं सांगू का, हल्ली ते असेच वागतात. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'यातलं कुठलं अक्षर दिसतं' विचारून दमून घरी येते. काही सांगायला जावं तर उत्तर 'हं' नाहीतर 'हो हो'. दोन मिनिटांनी भलतंच काहीतरी विचारतात. टीव्ही इतका मोठा की खालच्या मजल्यावरच्या काकूंना मालिका फुकटात कळते. मी जवळ असून नसल्यासारखी. आई होती तेव्हा घरात तीच बोलायची, त्यामुळे कळलं नाही. आता कळतंय की बाबांना माझ्याशी बोलायचंच नाही.

संच पंधरा दिवसांत येईल. बसवू की परत पाठवू? तू सांगशील ते.

तुझी,
भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

मी म्हणते बसव. मिसरूड फुटू दे त्याला. माणसाने तरुणपणी गप्प बसावं आणि म्हातारपणी आणखी गप्प बसावं असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? मागचा डबा पुढेमागे बदलता येतो. पुढचे पाइप तेच राहतात. आधी अख्खी व्यवस्था नीट अंगाला लागू दे.

आता काम नीट ऐक. इंजिनाला जिथे पाइप जोडलेला आहे तिथले बोल्ट गंजून एकजीव झालेले असतील. तीन दिवस आधीपासून रोज त्यांवर तेल सोड. जबरदस्ती करशील तर तुटतील. गंजलेला बोल्ट आणि रुसलेला माणूस, दोघांना आधी भिजू द्यावं लागतं. त्या जोडाच्या फटीत बसलेली जुनी गॅस्केट पुन्हा लावू नकोस. सायलेन्सर ज्या रबरांवर लोंबतो त्यांना साबणाचं पाणी लाव, चटकन बसतील. सगळा संच आधी सैल लटकव. मग इंजिनाकडून मागे येत एकेक जोड आवळ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शेवटचे जोड गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. लिफ्टवर उचललेल्या गाडीची चाकं खाली लोंबतात, त्यांच्याबरोबर मागची चाकं जोडणारा एक्सलही खाली जातो. तेव्हा पाइप आणि एक्सल यांच्यात हवी तेवढी जागा दिसते. गाडी खाली आली की एक्सल वर येतो आणि पाइपाला भिडतो. हे दादाला वाचून दाखव.

आणखी एक. इंजिन ऐकताना दादा डोळे मिटायचा. सभेत टाळ्या पडायच्या आधी माझे मिटायचे तसे. अजून मिटतो का, ते बघून मला कळव.

आत्या


२९ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र रागात लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे.

काल सायलेन्सर बसवला. पेट्रोल पंपाजवळच्या गॅरेजवाल्याने त्याची लिफ्ट वापरायला दिली. मी खाली गेले, पहिल्यांदा. डोळ्यांत गंजाचा चुरा, केसांत तेल, आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. तीन बोल्ट सुटले, चौथा तुटला. गॅरेजवाल्याने तो छिद्र पाडून काढून दिला आणि म्हणाला, "ताई, पहिल्याच दिवशी एक बोल्ट तुटला म्हणजे तुम्ही मेकॅनिक झालात." बाबा दिवा धरून उभे होते. तुझं लिहिलेलं मी खालून ओरडून ओरडून वाचलं, कारण कॉम्प्रेसर चालू होता. चाकांवर उभी असतानाच आवळायचं, हे दोनदा वाचलं. "हो हो," म्हणाले.

मी हात धुवायला गेले. परत येते तो त्यांनी सगळे जोड वरच आवळून टाकले होते, लिफ्टवर. मी म्हटलं, "बाबा, आत्याने काय लिहिलंय?" तर म्हणाले, "बरी आहे ती, काळजी करू नकोस."

गाडी खाली घेतली आणि निघालो. आरपार सायलेन्सरचा आवाज म्हणजे लग्नाची वरात पोटात घेऊन चाललोय असं वाटत होतं. पण प्रत्येक खड्ड्याला मागून टक्, टक्, टक्. एक्सल पाइपावर आपटत होता. मी म्हटलं, "बाबा, थांबवा, आपटतंय." त्यांनी हसून मान हलवली. "मस्त पळतेय." मी पुन्हा सांगितलं. पुन्हा हसले. आत्या, इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि तरी माझा तोल गेला. मी त्यांचा हात धरून ओरडले, "तुम्हाला माझं कधी ऐकायचंच नसतं. मी मेले काय आणि जगले काय."

हे मात्र ऐकलं त्यांनी. गाडी कडेला घेतली. किल्ली माझ्या मांडीवर ठेवली, दार उघडलं आणि चालत निघाले. घर दोन मैल होतं. मी गाडी हळूहळू मागून नेत होते, टक् टक् करत, आणि ते वळूनही बघत नव्हते.

पाइपाला पोचा पडलाय. आज सकाळी त्यांनी चहा करून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, गिऱ्हाईक शोध. मीही म्हटलं, ठीक आहे.

तू विचारलं होतंस म्हणून सांगते. डोळे मिटत नाहीत. उलट कुणी बोलायला लागलं की टक लावून तोंडाकडेच बघत बसतात.

भिंगरी


३ एप्रिल

माझ्या लाडक्या पोरी,

राग गिळ आणि बसून वाच.

तुझा बाबा तुझं ऐकत नाही असं नाही. त्याला ऐकू येत नाही.

त्याची काम करायची पद्धत मला ठाऊक आहे. चाकांवर उभी करून आवळायचं हा नियम माझा. दादाने तो कधीच पाळला नाही. तो सगळं लिफ्टवरच आवळायचा, मग गाडी इंच इंच खाली घ्यायला लावून कान लावायचा. कुठे जरासं खट्ट झालं की तेवढाच जोड सोडून पुन्हा बसवायचा. त्याची कधी चूक झाली नाही, कारण त्याचे कान माझ्या मापपट्टीपेक्षा चोख होते. परवाही त्याने तेच केलं. गाडी खाली आली, त्याला काही ऐकू आलं नाही, म्हणून त्याने समजून घेतलं की सगळं ठीक आहे. पोरी, तुझ्या शेजारी बसून तो हसत होता ना, तेव्हा त्याच्यासाठी गाडीत टक् टक् नव्हतीच. नुसता आरपारचा घनघोर होता. आता सांग, त्याने तिन्हींतला तोच का निवडला?

तू विचारशील, तुला कसं कळलं. कळलं, कारण मी तशीच आहे.

तीस वर्षं घणाचे घाव आणि घासायच्या यंत्राची किंकाळी. कानात बोळे घालायचे असतात हे मी साहेबांच्या तोंडावर भांडून सगळ्यांसाठी मिळवलं, आणि स्वतः घातले नाहीत, कारण सभेच्या बाईने बोळे घालून हिंडावं हे मला शोभेना. आठ वर्षांपूर्वी फोनवरचं बोलणं मला कुरकुरत्या पापडासारखं यायला लागलं. मग मी फोनलाच नावं ठेवली. फोनवर माणूस खोटं बोलतो, हे मी तुला पटवलं, आणि ते पटवताना स्वतः खोटं बोलत होते. लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही कुणाला बोलूच देत नाही. अगं, बोलू दिलं तर ऐकावं लागेल ना.

आणि तुझ्या पत्रातलं 'हो हो' वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. मीही तेच दोन शब्द वापरते.

मी गाड्या कशा तपासते ते सांगते. हातभर लांबीची लाकडी पट्टी घ्यायची. एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं. आवाज लाकडातून दातांत येतो, दातांतून हाडांत, आणि हाडांतून डोक्यात. दादाला काही सांगू नकोस, समजावू नकोस. त्याच्यासमोर तू स्वतः तसं कर, आणि पट्टी बॉनेटवर ठेवून बाजूला हो. मागचा डबा बदलून शांतवाला घे. यावेळी लिफ्ट नको, खड्डा असलेलं गॅरेज बघ, म्हणजे गाडी चाकांवर उभी राहील आणि तू खाली.

त्यानंतर त्याचे कान तपासून घे. लाज कसली? चष्मा घालून माणूस विद्वान दिसतो आणि कानात यंत्र घातलं की म्हातारा, हा निवाडा कुणी दिला? असल्या खोट्या अब्रूपायी बाप लेकीला मुकतोय. त्याला ने. ओढून ने.

माझं सोड. माझं चाललंय.

आत्या


२० एप्रिल

धाकटे,

तुला पत्र लिहून एक तप झालं असेल. पोरगी लिहिते म्हणून मी आळस केला.

मागच्या आठवड्यात तिने तांबडीचं इंजिन चालू केलं, तोंडात लाकडाची पट्टी धरली आणि पाच मिनिटं इंजिनाशी दातांनी बोलत उभी राहिली. शेजारचे विचारायला लागले, दात कोरतेय का. मग पट्टी ठेवून आत निघून गेली. मला समजलं हे कुणाचं शिकवणं. असले आचरट उद्योग आपल्या घरात एकच बाई करते.

मी पट्टी उचलली. दातांत धरली.

तिसरा सिलिंडर आळशी आहे, धाकटे. दर चार-पाच फेऱ्यांनी एक घास सोडतो. मी पोरीला हाक मारली आणि सांगितलं. तिने प्लग काढून बघितला तर काळा मिचकूट. मग मी तिला सांगितलं. दुकानात त्या माणसाने तीन सायलेन्सर वाजवले, तेव्हा पहिले दोन मी नुसते त्याच्या चेहऱ्यावर बघितले. तिसरा माझ्या छातीत आला. म्हणून तो हवा होता. आणि विकायचं म्हणत होतो ते यासाठी, की गाडी चालू आहे की बंद हे मला हात लावल्याशिवाय कळत नाही, हे तिच्यासमोर उघडं पडायला नको होतं.

ती म्हणाली, "मला सांगितलं का नाहीत?" मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू हळू आवाजात बोलायचं सोडून दिलं असतंस. तुझ्या आईसारखी हळू बोलतेस. ऐकू नाही आलं तरी बघायला बरं वाटतं.

काल शांतवाला डबा बसवला. खड्ड्यात ती उतरली. दिवा मी धरला. माझी चूक झाली होती इतकी वर्षं, हे तुला लेखी देतो.

आता ती कानाच्या डॉक्टरकडे चल म्हणते. मी तिला स्पष्ट सांगितलं, धाकटी गेली तर मी जाईन. जी बाई साऱ्या कारखान्याला कानात बोळे घालायला लावते आणि स्वतः फोनला घाबरते, तिने मला शहाणपण शिकवू नये.

तुझा,
दादा


५ मे

प्रिय आत्या,

तांबडी पास झाली.

मीटरवाल्याने शेपटाशी मीटर धरला, आकडा वाचला, पुन्हा धरला. म्हणाला, "गाडी चालू आहे ना?" बाबांनी त्याच्या ओठांकडे बघून लगेच उत्तर दिलं, "तुमचंही तेच का?" तो बिचारा गोंधळला. मी हसून हसून भिंतीला टेकले. धुराचा कागदही स्वच्छ आला. आणखी दोन वर्षं तांबडी रस्त्यावर आहे.

येताना बाबांनी मला चालवायला दिली. त्यांनी तळहात पूर्ण वेळ गिअरच्या दांड्यावर ठेवला होता, माझ्या हाताखाली. मी गिअर बदलायला जरा उशीर केला की ते बोटाने टिचकी मारायचे. घाट संपेपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि इतक्या गप्पा आम्ही वर्षात मारल्या नव्हत्या.

पण आत्या, आज मी तुझ्याशी भांडायला बसलेय.

तू मला आठ वर्षं पत्रं लिहायला लावलीस. ती सगळी माझ्याकडे आहेत आणि मला हवीच होती. पण आई गेली त्या दिवशी मी तुला अकरा वेळा फोन केला होता. अकरा. तू उचलला नाहीस. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, सात पानांचं. ते छातीशी धरून मी रडले, आणि तरी मला वाटत राहिलं की आत्याला माझ्याशी बोलायचंच नाही. बाबांबद्दल जे वाटलं तेच. तुम्ही दोघांनी एकच गोष्ट दोन गावांत लपवली आणि दोन्हींकडून मीच एकटी पडले. तुला हे सांगायचं नव्हतं. पण 'माझं सोड' असं तू लिहिलंस, तर ऐक, मी सोडणार नाही.

जगातल्या सगळ्या अन्यायांवर बोलताना तुला घसा बसेपर्यंत दम असतो. स्वतःचा विषय निघाला की 'चाललंय'. काय चाललंय? शेजारची दारावर थापा मारून परत जाते, ते? दूध उतू गेल्याचं वासावरून कळतं, ते? माझ्या दुकानात रोज तुझ्या वयाची माणसं येतात, काच डोळ्यासमोर धरतात आणि म्हणतात, अरे, झाडाला पानं आहेत. त्यांना कुणी हसत नाही. त्यांना मी सरबत पाजते. तुला कुणी हसलं तर माझ्याकडे पाठव. आता मला पाना नीट धरता येतो.

बाबा तुझ्यावर अडून बसलेत. तू त्यांच्यावर अडून बसशील हे मला माहीत आहे. म्हणून मी दोघांनाही न विचारता कानाच्या डॉक्टरकडे दोघांच्या वेळा घेऊन ठेवल्या आहेत. बुधवारी, तेरा तारखेला, सकाळी अकराला तुझी, साडेअकराला बाबांची. पहिली तू, कारण तू आत गेलीस हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते खुर्चीवरून उठणार नाहीत.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. पत्र आलं तर मी उघडणार नाही.

बुधवारी सकाळी सातची बस पकड. आम्ही दोघं स्टँडवर तांबडी घेऊन उभे असू.

तुझी,
भिंगरी